दंतमूलनलिकेची कार्यलांबी : मापनाचा प्रश्न आणि संज्ञेचा प्रश्न

दाढेचा ठणका असह्य होऊन रुग्ण दंतवैद्याकडे जातो, तेव्हा मराठी बोलीत त्याला दाताची ‘नस मारून घ्यावयाची’ असते. या उपचाराला बोलीने दिलेले हे नाव सोयीचे असले, तरी त्यावरून उपचाराचे खरे स्वरूप ध्यानात येत नाही. दाताच्या गाभ्यात केवळ मज्जातंतू नसतो. रक्तवाहिन्या, संयोजी ऊतक आणि पेशी यांनी बनलेला एक मृदू गर तेथे असतो. कीड किंवा आघात यांमुळे हा गर रोगग्रस्त झाला किंवा मृत झाला, म्हणजे तो संपूर्ण काढून टाकणे, ज्या नलिकांत तो होता त्या नलिका स्वच्छ व निर्जंतुक करून त्यांना योग्य आकार देणे, आणि अखेरीस त्या घट्ट भरून बंद करणे, अशी तीन कामे या उपचारात करावी लागतात. ही तिन्ही कामे एका आकड्यावर अवलंबून असतात. तो आकडा म्हणजे नलिकेची लांबी होय.

वरच्या मधल्या पटाशीच्या दाताची एकूण लांबी सरासरीने २२ ते २३ मिलिमीटर, वरच्या सुळ्याची २६ ते २७ मिलिमीटर आणि खालच्या पहिल्या दाढेची सुमारे २१ मिलिमीटर असते. या लांबीत एका मिलिमीटरची चूक ही व्यवहारात क्षुल्लक वाटेल. परंतु नलिकेच्या शेवटच्या टोकाशी तीच चूक उपचाराचे फळ पालटून टाकू शकते. ही लांबी अचूक मोजण्याच्या पद्धती कोणत्या, त्यांच्या मर्यादा काय, आणि या मापनात संज्ञांच्या संदिग्धतेने कोणते घोटाळे होतात, याचा विचार येथे करावयाचा आहे.

१. मोजावयाचे ते काय?

कोणत्याही मापनाला दोन टोके लागतात. नलिकेचे आतले टोक कोणते, हा प्रश्न वरवर पाहता निरर्थक वाटतो. मूळ जेथे संपते तेथे नलिकाही संपणार, असे कोणीही म्हणेल. वस्तुस्थिती तशी नाही. मुळाच्या टोकाशी निदान चार निरनिराळी स्थाने वेगळी ओळखावी लागतात.

पहिले स्थान म्हणजे मुळाचे शारीर अग्र. दात उपटून हातात घेतला असता मुळाचा जो सर्वांत दूरचा बिंदू दिसतो, तो हा. दुसरे स्थान क्षकिरणचित्रातील अग्र. चित्रात मुळाची आकृती जेथे संपलेली दिसते, तो बिंदू. तिसरे स्थान अग्ररंध्र, म्हणजे नलिका मुळाच्या पृष्ठभागावर जेथे उघडते ते छिद्र. चौथे स्थान अग्रसंकोच, म्हणजे रंध्राच्या किंचित अलीकडे नलिका जेथे सर्वांत अरुंद होते ती जागा. संकोचापासून रंध्रापर्यंत नलिका पुन्हा रुंदावत जाते, त्यामुळे हा भाग उलट्या धरलेल्या लहानशा नरसाळ्यासारखा असतो.

या चार स्थानांतील संबंधांचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास करून मेक्सिकोतील युरी कुटलर यांनी १९५५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांच्या मोजणीनुसार संकोच व रंध्र यांतील अंतर तरुण वयोगटात सरासरी ०·५२४ मिलिमीटर, तर ५५ वर्षांवरील गटात ०·६५९ मिलिमीटर होते. दुसरी महत्त्वाची गोष्ट अशी की, बहुसंख्य मुळांत रंध्र हे शारीर अग्राच्या मध्यावर नसून एका बाजूस सरकलेले आढळले, आणि वयाबरोबर हे सरकणे वाढत गेलेले दिसले. मुळाच्या पृष्ठभागावर दंतसिमेंटाचे थर आयुष्यभर चढत राहतात, हे त्याचे कारण होय. काही दातांत रंध्र अग्रापासून दोन ते तीन मिलिमीटर अलीकडे उघडलेले सापडते.

दंतवैद्याला काम जेथे थांबवावयाचे असते ते स्थान सामान्यतः अग्रसंकोच हे होय. तेथे जखमेचा व्यास सर्वांत लहान राहतो, आणि भरण-द्रव्य मुळाबाहेर लोटले जाण्यास नैसर्गिक अडसर मिळतो. १९३० च्या सुमारास ग्रोव्ह यांनी डेंटीन व दंतसिमेंट यांच्या संधिरेषेपर्यंतच नलिका भरावी असा आग्रह धरला होता. तत्त्वतः हे म्हणणे आकर्षक असले, तरी ही संधिरेषा केवळ सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. शिवाय एकाच नलिकेच्या निरनिराळ्या भिंतींवर ती निरनिराळ्या उंचीवर असते. जिवंत रुग्णाच्या तोंडात तिचा शोध घेता येत नाही. जी खूण उपचाराच्या वेळी ओळखताच येत नाही, ती मापनाचे टोक होऊ शकत नाही.

२. ‘कार्यलांबी’ ही संज्ञा

या विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट होईल. दंतवैद्य जी लांबी मोजतो ती मुळाची लांबी नव्हे, आणि काटेकोरपणे पाहता नलिकेचीही नव्हे. दंतशिखरावरील एका ठरावीक बिंदूपासून, नलिकेची सफाई व भरण जेथे थांबावयास हवे त्या स्थानापर्यंतचे ते अंतर होय. यालाच कार्यलांबी म्हणतात. या व्याख्येतील ‘थांबावयास हवे’ हा शब्दप्रयोग लक्षात घेण्यासारखा आहे. दाताची लांबी ही निसर्गाने दिलेली वस्तू आहे, ती जशी आहे तशी मोजावयाची. कार्यलांबीत मात्र एका निर्णयाचा अंश अंतर्भूत आहे. म्हणून दोन जाणते दंतवैद्य एकाच दाताच्या कार्यलांबीबद्दल अर्ध्या मिलिमीटरने भिन्न मत देऊ शकतात, आणि दोघांचेही मापन निर्दोष असू शकते.

मापनाचे बाहेरचे टोकही निवडावे लागते. दाढेचा एखादा उंचवटा किंवा पटाशीच्या दाताची धार हा सामान्यतः संदर्भबिंदू मानला जातो. नलिकेत सरकवावयाच्या बारीक पोलादी फाईलवर रबराची एक लहान चकती असते. ती संदर्भबिंदूला टेकेपर्यंत फाईल आत घालावयाची, बाहेर काढून चकतीपासून टोकापर्यंतचे अंतर मोजपट्टीवर पाहावयाचे, एवढी ही साधी युक्ती आहे. परंतु चकती फाईलशी काटकोनात नसेल तर चूक होते. उंचवटा किडीने पोखरलेला असून दोन भेटींच्या दरम्यान तो तुटला, किंवा दंतवैद्यानेच तो घासून कमी केला, तर पूर्वी नोंदलेला आकडा निरुपयोगी ठरतो. वाकड्या नलिकेत सफाई करीत असताना वळण काहीसे सरळ होते व मार्ग आखूड होतो. म्हणजे प्रारंभी बरोबर असलेली कार्यलांबी पुढे जास्त ठरते. यासाठी केसपेपरवर केवळ ‘२१ मि.मी.’ असे लिहून भागत नाही. कोणत्या नलिकेची, कोणत्या बिंदूपासून, हे त्याबरोबर लिहिले तरच त्या आकड्याला अर्थ प्राप्त होतो.

३. चुकीचे परिणाम

कार्यलांबी कमी धरली, तर नलिकेच्या शेवटच्या भागात रोगग्रस्त ऊतक व जंतू तसेच राहतात. ती अधिक धरली, तर उपकरणे मुळाबाहेरील निरोगी ऊतकाला इजा करतात, संकोच फुटतो, जंतुयुक्त कचरा बाहेर लोटला जातो, आणि भरण-द्रव्य हाडात शिरते. खालच्या दाढांच्या मुळांखालून जबड्याच्या हाडातील मज्जातंतू जातो. त्यावर भरण-द्रव्याचा दाब पडल्यास खालचा ओठ बधिर होतो, आणि ही बधिरता कधी कधी कायमचीही राहते. नलिका धुण्यासाठी वापरले जाणारे सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण मुळाबाहेर गेले, तर तीव्र वेदना व चेहऱ्यावर मोठी सूज उद्भवते.

या परिणामांचे संख्यात्मक चित्र १९९० मध्ये स्वीडनमधील शोग्रेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. उपचारानंतर आठ ते दहा वर्षांनी त्यांनी रुग्ण पुन्हा तपासले. गर मृत झालेल्या व मुळाच्या टोकाशी हाडाचा रोग असलेल्या दातांत, भरण अग्रापासून दोन मिलिमीटरांच्या आत थांबले होते तेथे यश ९४ टक्के होते. भरण अग्राबाहेर गेले होते तेथे ७६ टक्के. आणि ते दोन मिलिमीटरांहून अधिक अलीकडे राहिले होते तेथे ६८ टक्के. आखूड भरणाने धोका टळतो, ही समजूत निदान अशा दातांच्या बाबतीत खरी ठरत नाही, हे या आकड्यांवरून दिसून येते.

४. स्पर्श आणि सरासरी

सर्वांत जुनी साधने म्हणजे हाताचा स्पर्श व सरासरी लांबीचे कोष्टक. अनुभवी हाताला संकोचाजवळ फाईलला होणारा विरोध जाणवतो, असे मानले जाई. हा विरोध मात्र संकोचाचाच असेल असे नाही. नलिकेचे वळण, आत साठलेले क्षार, किंवा अरुंद वाट यांमुळेही तो होतो. १९८४ मध्ये डमर, मॅकगिन व रीस यांनी संकोचाचे चार प्रकार वर्णिले : एकच स्पष्ट संकोच असलेला, हळूहळू निमुळता होत जाणारा, अनेक संकोचांचा, आणि समांतर भिंतींचा. यांपैकी केवळ पहिल्या प्रकारात स्पर्शाला निश्चित खूण मिळण्याची शक्यता आहे. दीर्घकालीन रोगामुळे मुळाचे टोक झिजले असल्यास संकोच नाहीसाच झालेला असतो. कोष्टकातील सरासरी ही अंदाजापुरतीच उपयोगी. कारण उपचार एका विशिष्ट दातावर करावयाचा असतो, आणि त्याची लांबी सरासरीइतकी असेलच असे नाही. कोरड्या केलेल्या नलिकेत कागदी शलाका घालून तिचे टोक कोठपर्यंत भिजले वा रक्ताळले हे पाहण्याची रीत आहे. तीही पूरक साधन म्हणूनच वापरावयाची.

५. क्षकिरणचित्र

राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्षकिरणांचा शोध लावला, आणि लगेच जानेवारी १८९६ मध्ये जर्मनीतील ओटो वॉल्कहॉफ यांनी स्वतःच्या दातांचे चित्र घेतले. त्यासाठी त्यांना सुमारे २५ मिनिटे किरणांसमोर राहावे लागले. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स यांनी १८९९ मध्ये मूलनलिकेच्या उपचारात लांबी ठरविण्यासाठी क्षकिरणचित्राचा उपयोग केला. या ज्ञानाची किंमत त्यांनी स्वतः मोजली. किरणांच्या वारंवार संपर्कामुळे त्यांच्या हाताला कर्करोग झाला, एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या, हात गमवावा लागला, आणि १९२८ मध्ये त्यांनी आपल्या जीवनाचा अंत केला. आजच्या चित्रणात किरणांची मात्रा अत्यल्प असते. तरीही अनावश्यक चित्र टाळावे हा नियम अशा अनुभवांतून आलेला आहे.

चित्रावरून लांबी काढण्याचे तत्त्व सोपे आहे. ज्ञात लांबीची फाईल नलिकेत ठेवून चित्र घेतले, तर फाईलची प्रतिमा व दाताची प्रतिमा सारख्याच प्रमाणात मोठी होते असे गृहीत धरता येते. उदाहरणार्थ, १८ मिलिमीटर आत गेलेली फाईल चित्रात १९·८ मिलिमीटर, आणि दात २३·१ मिलिमीटर दिसत असेल, तर दाताची खरी लांबी १८ × २३·१ ÷ १९·८, म्हणजे २१ मिलिमीटर येते. जॉन इंगल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत प्रारंभीच्या चित्रावरील लांबीतून सुरक्षिततेसाठी थोडे अंतर वजा करून फाईल घालतात, पुन्हा चित्र घेतात, फाईलचे टोक व मुळाचे अग्र यांतील फरक जुळवून घेतात, आणि अखेरीस सुमारे एक मिलिमीटर वजा करतात.

हा शेवटचा एक मिलिमीटरच या पद्धतीची खरी मर्यादा उघड करतो. क्षकिरणचित्रात अग्र दिसते. रंध्र व संकोच सहसा दिसत नाहीत. रंध्र अग्रापासून सरासरीने किती अलीकडे असते हे गृहीत धरून वजाबाकी केली जाते. म्हणजे ज्या सरासरीला कोष्टकातून बाहेर काढले, तीच येथे मागच्या दाराने पुन्हा आत येते. शिवाय चित्र द्विमितीय आहे. रंध्र मुळाच्या गालाकडील किंवा जिभेकडील बाजूस उघडत असेल, तर फाईल रंध्राबाहेर गेलेली असूनही चित्रात ती मुळाच्या आतच थांबलेली दिसते. वरच्या दाढांच्या बाबतीत गालाच्या हाडाची छाया मुळांवर पडून अग्रही अस्पष्ट होते. त्रिमितीय संगणकीय चित्रणाने यांतील काही अडचणी दूर होतात. परंतु किरणांची मात्रा वाढत असल्यामुळे केवळ लांबी मोजण्यासाठी ते करणे उचित मानले जात नाही.

६. विद्युत्‌मापन

विजेच्या साहाय्याने रंध्र शोधण्याची कल्पना कस्टर यांनी १९१८ मध्ये मांडली. तिला प्रायोगिक आधार मिळाला तो जपानमध्ये. सुझुकी यांना १९४२ मध्ये कुत्र्यांच्या दातांवरील प्रयोगांत असे आढळले की, नलिकेतून दाताभोवतालच्या पटलापर्यंत पोचलेले उपकरण आणि तोंडाच्या आतील त्वचेवर ठेवलेला विद्युदग्र, या दोहोंमधील विद्युत्‌रोध स्थिर असतो. सुनादा यांनी १९६२ मध्ये या तत्त्वावर मानवी दातांची लांबी मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. फाईल रंध्राशी पोचली की रोध सुमारे ६·५ किलो-ओहम् येतो, मग रुग्णाचे वय, दाताचा प्रकार वा नलिकेचा आकार काहीही असो, असे त्यांनी दाखविले.

या स्थिरतेचे कारण प्रथम ऊतकाच्या जैविक गुणधर्मात शोधले गेले. पुढे १९८७ मध्ये ह्वांग यांनी असे प्रतिपादन केले की, हा जैविक विशेष नसून केवळ भौतिक तत्त्वाचा परिणाम आहे. डेंटीनमधून वीज फारशी वाहत नाही, त्यामुळे नलिका ही द्रवाने भरलेल्या विद्युत्‌रोधक नळीप्रमाणे वागते. फाईलचे टोक अरुंद तोंडाजवळ पोचले व पलीकडच्या विद्युत्‌वाहक ऊतकाशी जोडले गेले, की मंडलाचा रोध एकदम घसरतो. उपपत्ती बदलली, पण पद्धत टिकली, असे हे उदाहरण आहे.

प्रारंभीच्या उपकरणांत एकदिश प्रवाह वापरला जाई. नलिकेत रक्त, पू किंवा धुण्याचे द्रावण असले की ती रंध्राच्या बरीच अलीकडे ‘पोचलो’ असा चुकीचा इशारा देत. नलिका कोरडी करणे हा एक उपाय होता. परंतु ज्या उपचारात नलिका सतत धुवावी लागते, तेथे तो गैरसोयीचा होता. ही अडचण दूर झाली ती एकाऐवजी दोन वारंवारतांचा प्रत्यावर्ती प्रवाह वापरल्याने. कोबायाशी व सुदा यांनी १९९४ मध्ये वर्णन केलेल्या पद्धतीत ०·४ व ८ किलोहर्ट्‌झ या दोन वारंवारतांवर मंडलाचा संरोध एकाच वेळी मोजला जातो व त्यांचे गुणोत्तर काढले जाते. फाईल रंध्रापासून दूर असताना हे गुणोत्तर १ च्या जवळ असते. संकोचाशी ते झपाट्याने उतरून सुमारे ०·६७ होते. नलिकेतील द्रव बदलला, तर अंश व छेद या दोहोंवर त्याचा परिणाम होतो, आणि भागाकार जवळजवळ तसाच राहतो. या साध्या गणिती युक्तीमुळे ओल्या नलिकेतही मापन शक्य झाले.

तथापि हे उपकरणही निर्दोष नाही. फाईलचा स्पर्श धातूच्या टोपीला किंवा जुन्या धातूच्या भरणाला झाला, तर प्रवाह आडमार्गाने जातो व आकडा चुकतो. मुलांच्या अपक्व दातांत रंध्र रुंद असते, तेथे मापन अविश्वसनीय ठरते. नलिका मध्येच बुजलेली असल्यास मंडल पूर्णच होत नाही. मुळाला भेग किंवा छिद्र पडले असेल, तर उपकरण त्या छिद्रालाच रंध्र समजते. मात्र या दोषाचाच उपयोग अशी छिद्रे शोधण्यासाठी करून घेतला जातो.

७. आकडा आणि त्याचा अर्थ

या उपकरणाला इंग्रजीत जे नाव रूढ झाले, त्याचा शब्दशः अर्थ ‘अग्र शोधणारे’ असा होतो. हे नाव वस्तुस्थितीला धरून नाही. उपकरणाला अग्राचे कोणतेही ज्ञान होत नाही; फाईल रंध्राशी, म्हणजे बाहेरील ऊतकाशी, कधी जोडली गेली एवढेच ते सांगते. शोधले जाते ते रंध्र. अनुमानले जाते ते संकोचाचे स्थान. आणि नावात मात्र येते ते अग्र. मराठीत ‘अग्रदर्शक’ असा प्रतिशब्द केला, तर मूळ संज्ञेतील दोषही आपण उसना घेऊ. ‘रंध्रदर्शक’ हा शब्द अधिक यथार्थ ठरेल.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. क्षकिरणचित्रात दिसणाऱ्या बिंदूला ‘अग्र’, उपकरणाच्या शून्यालाही ‘अग्र’, आणि ग्रंथातील आकृतीतल्या मुळाच्या टोकालाही ‘अग्र’ म्हटले, की विद्यार्थ्याच्या मनात तिन्ही स्थाने एकच होतात. मग चित्रात फाईल एक मिलिमीटर आखूड दिसली व उपकरणाने मात्र शून्य दाखविले, तर उपकरण बिघडले असा निष्कर्ष काढून तो फाईल आणखी पुढे ढकलतो. वस्तुतः दोन्ही साधने खरे सांगत असतात. ती दोन वेगळ्या बिंदूंविषयी बोलत असतात, इतकेच.

असाच घोटाळा उपकरणाच्या पडद्यावरील आकड्यांनी होतो. अनेक उपकरणांवर ‘०·५’ अशी खूण असते. ती पाहून रंध्र अर्धा मिलिमीटर दूर आहे, असा अर्थ सहज लावला जातो. हे आकडे मिलिमीटर नव्हेत. फाईल रंध्राजवळ येत असल्याचे ते सापेक्ष निदर्शक आहेत. एकक न लिहिलेल्या आकड्याला वाचक आपल्या सवयीचे एकक जोडतो, आणि मिलिमीटरमध्ये काम करणाऱ्याला प्रत्येक दशांश मिलिमीटरचाच वाटतो. म्हणून फाईल रंध्राच्या खुणेपर्यंत नेऊन, त्या स्थानापासून अर्धा ते एक मिलिमीटर मागे घेण्याची रीत अधिक सुरक्षित मानली जाते. कारण उपकरणाचे सर्वांत विश्वसनीय विधान ‘रंध्र आले’ हेच असते.

८. समारोप

वरील विवेचनाचे तात्पर्य असे सांगता येईल. कार्यलांबीचे कोणतेही एक साधन स्वयंपूर्ण नाही. प्रारंभीच्या क्षकिरणचित्रावरून अंदाज, विद्युत्‌मापनाने रंध्राची निश्चिती, फाईल जागी ठेवून घेतलेल्या चित्राने पडताळा, आणि नलिकेला आकार देत असताना पुन्हा मापन, हा क्रम आज सामान्यतः स्वीकारला गेला आहे. साधनांत मतभेद आढळला, तर कोणते खोटे हे विचारण्यापूर्वी प्रत्येक साधन कोणत्या बिंदूचे मापन करते हे विचारले पाहिजे.

दंतवैद्यकाचे शिक्षण आपल्याकडे इंग्रजीतून होते, आणि रुग्णाशी संभाषण मात्र मराठीतून. ‘नस मारली’ असे सांगून दंतवैद्य रुग्णाचे समाधान करू शकतो. परंतु उपचारानंतर महिन्याभराने तीच दाढ पुन्हा ठणकू लागली, तर मेलेली नस कशी दुखते, या रुग्णाच्या प्रश्नाला त्या शब्दप्रयोगात उत्तर नाही. नलिकेच्या टोकाशी काही राहून गेले असेल, किंवा काही बाहेर गेले असेल, हे त्याला सांगावयाचे, तर नलिका, रंध्र व लांबी हे शब्द संभाषणात यावे लागतील. मराठी परिभाषेत अग्र, रंध्र व संकोच हे तीन शब्द एकमेकांपासून वेगळे राखले, तर विद्यार्थ्याचे मापन अधिक सावध होईल, आणि रुग्णालाही आपल्या दातात नेमके काय केले गेले ते कळेल.